भांडं भरण्याआधी वजनकाटा: कुत्र्या-मांजराला नीट खायला घालण्याची सुरुवात

पिल्लू घरी येणार म्हटलं की खरेदीची यादी लांबत जाते. पट्टा, बिछाना, दोन-तीन भांडी, चावायची खेळणी. वजनकाटा त्या यादीत कुणीच लिहीत नाही. मला विचाराल तर तो सगळ्यात वर हवा. स्वयंपाकघरात वापरतात तसला, ग्रॅममध्ये मोजणारा साधा डिजिटल काटा.

आमच्या पहिल्या कुत्रीला कुणी चुकीचं काही घातलं नव्हतं. खाणं चांगल्यातलं, पाणी ताजं, भांडं स्वच्छ. तरी पाचव्या वर्षी ती जिना चढताना मधेच बसायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती खाते? आम्ही घरातल्या चौघांनी चार उत्तरं दिली आणि चारही खरी होती. कारण प्रत्येक जण तिला ‘थोडंसंच’ देत होता. आपल्या वाट्याचं थोडंसं सगळ्यांना माहीत होतं, बेरीज कुणीच केली नव्हती.

नवीन पाळणारे लोक विषारी पदार्थांच्या याद्या पाठ करतात. त्या हव्यातच, पुढे येतीलही. पण बहुतेक घरांत प्राण्याचं नुकसान होतं ते अशा न मोजलेल्या मुठीमुठीने. म्हणून हा लेख मोजमापाभोवती फिरतो. भर कुत्रा आणि मांजर यांच्यावर आहे. ससा, पक्षी, मासे यांच्याबद्दल शेवटी थोडं.

पायरी १: आपण कुणाला खायला घालतोय ते समजून घ्या

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. ऐकायला बाळबोध वाटेल, पण दोघं घरात असले की एकच पाकीट दोघांना घालणारी मंडळी मी पाहिली आहेत.

मांजर पक्कं मांसाहारी आहे, आणि ते आवडीने नव्हे तर शरीराच्या घडणीने. टॉरिन नावाचा एक घटक कुत्र्याचं शरीर सहसा स्वतः तयार करतं. मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावा लागतो. कमी पडला तर डोळ्याच्या पडद्याची झीज होते आणि हृदयाचा स्नायू पातळ, ढिला पडत जातो. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिला. गंमत म्हणजे ती मांजरं विकतचं खाणं खात होती. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिन वाढवलं आणि मांजरांमधला तो हृदयरोग झपाट्याने कमी झाला. कुत्र्याच्या खाण्यात मात्र टॉरिन असलंच पाहिजे असं बंधन नसतं, त्यामुळे ते मांजराला रोज घालणं म्हणजे हे जुनं दुखणं घरी बोलावणं.

आणखी दोन-तीन गोष्टी. आर्जिनिन हा प्रथिनांमधला एक घटक. तो अजिबात नसलेलं एकच जेवण गेलं तरी मांजराच्या रक्तात अमोनिया वाढून ते काही तासांत आजारी पडू शकतं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमत नाही. ते त्याला मांसातून, यकृतातून तयारच मिळावं लागतं. पण म्हणून रोज यकृत घालू नका. ‘अ’ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि अती झालं की मानेचे मणके एकमेकांना जुळून मान आखडते. शिवाय मांजराला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारं जनुक त्याच्यात बंद पडलेलं आहे, हे २००५ मध्ये स्पष्ट झालं. आइस्क्रीमपाशी घुटमळणारं मांजर साखरेसाठी नाही, स्निग्धांशासाठी येतं.

कुत्रा या बाबतीत बराच सैल आहे. लांडग्याच्या तुलनेत त्याच्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या जास्त प्रती असतात, असं २०१३ च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण असावी. तेव्हा भात, बटाटा, ओट्स शिजवलेले असतील तर कुत्र्याला पचतात. शाकाहारी घरांतून नेहमी विचारणा होते: नीट आखणी केली तर कुत्र्याला मांसाशिवाय वाढवता येतं, मांजराच्या बाबतीत घरच्या घरी तो प्रयोग करू नये.

पायरी २: हात फिरवून पाहा

आधी वजन करा. लहान पिल्लू थेट काट्यावर बसतं. मोठं मांजर किंवा मध्यम कुत्रा असेल तर त्याला उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन करून वजाबाकी करा.

नुसता आकडा मात्र पुरेसा नाही. एकाच जातीचे दोन कुत्रे, एक १२ किलोला सडपातळ आणि दुसरा १२ किलोला लठ्ठ असू शकतो. यासाठी पशुवैद्य नऊ गुणांची एक पट्टी वापरतात: १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे पिंप. कुत्र्याला ४ ते ५ आणि मांजराला ५ योग्य. पाचच्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने १० टक्के जादा वजन.

घरी हे तपासायला तुमचाच हात पुरतो. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं सांध्यांच्या उंचवट्यांवरून फिरवा. फासळ्या अशा टोचत असतील तर प्राणी बारीक आहे. आता हात सरळ करून तळहाताच्या मागची बाजू चाचपा: हाडं जाणवतात पण टोचत नाहीत. फासळ्या अशा लागल्या पाहिजेत. आणि तळहाताच्या बाजूसारखं, शोधावं तेव्हा हाड सापडत असेल तर चरबी चढली आहे. वरून पाहिल्यावर फासळ्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी, बाजूने पाहिल्यावर पोट मागे वर चढत गेलेलं. दाट केसांच्या प्राण्यात डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. केस फसवतात, बोटं नाही. मांजराच्या पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र बहुतेकांना असतेच, ती चरबीच असेल असं नाही.

इथे एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीही सडपातळ कुत्र्यांना उशिरा सुरू झाली. आणि दुसरा गट काही अवाढव्य लठ्ठ नव्हता. आपण ज्यांना ‘छान भरलेला’ म्हणतो तसले ते कुत्रे होते.

पायरी ३: दिवसाचा आकडा काढा

नुसतं पडून राहिल्यावर शरीराला जी ऊर्जा लागते तिचं सूत्र असं: किलोमधल्या वजनाचा ०.७५ वा घात, गुणिले ७०. घाबरू नका, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजनाला वजनाने दोनदा गुणा, म्हणजे घन आला. मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. जे येईल त्याला ७० ने गुणा.

१० किलोचा कुत्रा घ्या. घन १०००, पहिलं वर्गमूळ ३१.६, दुसरं ५.६२, गुणिले ७० म्हणजे सुमारे ३९४ किलोकॅलरी. हा झाला पाया. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणतात, न झालेल्यासाठी १.८ ने. मांजरांसाठी हेच आकडे १.२ आणि १.४. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला पायाच्या तिप्पट लागते, त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण दुप्पट. आपला १० किलोचा, नसबंदी झालेला कुत्रा म्हणजे दिवसाला ६३० किलोकॅलरी. तसंच ४ किलोचं मांजर २४० च्या आसपास येतं.

आता पाकिटावर दर १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी ते शोधा. कोरडं खाणं बहुधा ३५० ते ४०० च्या दरम्यान असतं. ३६० असेल तर कुत्र्याला १७५ ग्रॅम. मांजराच्या खाण्यात ३८० असेल तर त्याला अवघे ६३ ग्रॅम. पहिल्यांदा हे ६३ ग्रॅम भांड्यात पाहिलं की पोटात कालवतं. इतकंच? हो, इतकंच. चार किलोचा जीव आहे तो.

हा आकडा म्हणजे आरंभ, शेवटचा शब्द नव्हे. दिवसभर धावणारा कुत्रा आणि सोफ्यावर लोळणारा कुत्रा यांच्यात बराच फरक पडतो. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करा, हात फिरवा, मग पाच-दहा टक्के इकडे-तिकडे. नसबंदीनंतर गरज घटते आणि भूक वाढते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने जास्त डोळ्यात तेल घालून पाहा.

कपाने किंवा वाटीने मोजू नका. एकच कप एक जण सपाट भरतो, दुसरा शीग लावून. लहान प्राण्यात तेवढ्याने महिनाभरात फरक दिसतो.

आमच्या घरी शेवटी चाललेली युक्ती अशी: सकाळी दिवसाचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढायचं. जेवण, शिकवताना द्यायचा तुकडा, ‘कसा बघतोय बघ’ म्हणून द्यायची मूठ, सगळं त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दिवस संपला. कुणी भांडायचं कारण नाही.

डब्याबाहेरचे खाऊ, म्हणजे बिस्किटं, चीज, उकडलेलं चिकन वगैरे, दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवा आणि तेवढं मूळ खाणं कमी करा. चार किलोच्या मांजरासाठी ही मर्यादा २४ किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम ६ ग्रॅम चीज. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. कुत्र्याला बक्षीस म्हणून काकडी, शिजवलेली फरसबी, गाजराचे बारीक तुकडे उत्तम. तुकडा लहान असला तरी त्याला चालतो.

पायरी ४: पाकीट मागून वाचा

पुढच्या बाजूला जंगलात दौडणारा लांडगा असतो, कामाचं सगळं मागे असतं. तीन गोष्टी शोधा.

पहिली, ते ‘कम्प्लीट’ म्हणजे संपूर्ण आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे पूरक. मांजरांच्या कितीतरी सुंदर दिसणाऱ्या छोट्या डब्यांवर बारीक अक्षरात पूरक असं लिहिलेलं असतं. त्यात मासा आहे, पाणी आहे, बाकी काही नाही. अधूनमधून चालेल, रोजचं जेवण म्हणून नाही.

दुसरी, कोणत्या वयासाठी. वाढीचं, प्रौढांचं, की सर्व वयांचं. अमेरिकेत ‘आफ्को’ आणि युरोपात ‘फेडिआफ’ या संस्था पोषणाचे किमान निकष ठरवतात आणि जगभरचे उत्पादक त्यांचा हवाला देतात. आफ्को स्वतः कुठल्याही खाण्याला मंजुरी देत नाही, निकष पाळल्याचं विधान उत्पादक करतो. ‘आफ्कोमान्य’ असं कुणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा. पूर्ण वाढीनंतर ३२ किलोच्या पुढे जाणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी ‘मोठ्या जातीचं पिल्लू’ असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं वेडीवाकडी होतात. वरून कॅल्शियमच्या गोळ्या तर मुळीच नकोत. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून त्या देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम उलटा होतो.

तिसरी, प्रथिनांचा आकडा. इथे नवखे हमखास फसतात. ओल्या डब्यावर १० टक्के आणि कोरड्या पाकिटावर २७ टक्के लिहिलेलं पाहून कोरडं सरस वाटतं. पण डब्यात ७८ टक्के पाणी आहे. पाणी वगळा: उरलेल्या २२ भागांत १० म्हणजे ४५ टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, उरलेल्या ९० मध्ये २७ म्हणजे ३० टक्के. पारडं फिरलं. घटकांची यादीही वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि वजन पाण्यासकट धरलेलं असतं, म्हणून ताजं मांस सहज पहिल्या क्रमांकावर चढतं.

‘धान्यविरहित’ या शब्दाची चलती आहे. बहुतांश कुत्र्यांना धान्याने काहीही होत नाही. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्यं भरपूर असलेल्या अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयरोगाशी काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही; पण डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज या वाटेला जाण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

पायरी ५: घरी शिजवायचं असेल तर

घरचं ते चांगलं, हे आपल्यासाठी खरं असेल. प्राण्यासाठी ते आपोआप खरं ठरत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या त्याच डेव्हिस विद्यापीठात कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, संकेतस्थळांवरच्या, काही तर पशुवैद्यांनी लिहिलेल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी होता.

मोठी खोट कॅल्शियमची. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतं, तर प्राण्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं. ते खाण्यातून आलं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढतं. वरकरणी तुकतुकीत दिसणाऱ्या, रोज चिकन खाणाऱ्या पिल्लाचा पाय साध्या उडीने मोडतो तो असा.

पोट बिघडल्यावर दोन-तीन दिवस उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-मसाला न घालता, ठीक आहे. कायमचं घरचं द्यायचं असेल तर प्राण्यांच्या पोषणातल्या जाणकाराकडून त्याच प्राण्यासाठी पाककृती घ्या आणि तिच्यात फेरफार करू नका. ‘आज पूरक पूड संपली, उद्या घालू’ असं म्हणता म्हणता महिना जातो.

कच्चं मांस घालावं का, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत नको असंच आहे. त्यातून साल्मोनेला नावाचा जंतू येतो, तो प्राण्यात लक्षणं न दाखवता घरातल्या लहान मुलांपर्यंत, वृद्धांपर्यंत पोचतो. गोठवल्याने हे जंतू खात्रीने मरत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कच्चं गोठवलेलं खाणं खाल्लेलं, घराबाहेर कधीच न जाणारं एक मांजर एच५एन१ बर्ड फ्लूने दगावलं. शिजवलेली हाडंही नकोत. शिजल्यावर ती ठिसूळ होतात, त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि आतडं फाडू शकतात.

पायरी ६: खाणं बदलताना घाई नको

जुनं संपलं म्हणून आजच नवं सुरू केलं की उद्या जुलाब. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं आणि पाऊण जुनं, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण नवं. आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल. नवीन प्राणी घरी आणताना तो आधी काय खात होता ते विचारून तेच थोडं सोबत घ्या.

मांजर नव्या खाण्याकडे पाठ फिरवून बसलं तर ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट धरू नका. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं की शरीरातली चरबी यकृतात साचते आणि ते प्राणावर बेतू शकतं. २४ तास मांजराने काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

पायरी ७: वेळा, भांडी आणि पाणी

कुत्र्याच्या लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोनदा. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना एकदाच भरपेट घालू नका. बकाबका खाल्लेलं एकच मोठं जेवण पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढवतं आणि ती शस्त्रक्रियेची वेळ असते. हावरट कुत्र्यासाठी आत उंचवटे असलेलं भांडं मिळतं, नाहीतर मोठ्या ताटलीत खाणं पसरून टाका.

मांजर मुळात दिवसभरात अनेक छोटी भक्ष्यं खाणारा प्राणी. तेच ६३ ग्रॅम चार-पाच वेळा विभागून दिले तर ते खूश असतं. त्याचे पूर्वज रुक्ष प्रदेशातले, त्यामुळे मांजराला तहान कमी लागते. कोरड्या खाण्यात जेमतेम १० टक्के पाणी. निदान एक जेवण ओलं दिलं तर मूत्रमार्गाची दुखणी दूर ठेवायला मदत होते. पाण्याचं भांडं खाण्यापासून आणि शी-शूच्या पेटीपासून लांब ठेवा. प्रौढ मांजराला दूध नको. बहुतेकांना ते पचत नाही.

कुत्रा दिवसाला साधारण किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. किलोमागे १०० च्या वर सतत जायला लागला तर ते मूत्रपिंड, मधुमेह किंवा आणखी कशाचं तरी लक्षण असू शकतं. म्हणून पाणी कधीतरी मोजूनही भरावं.

भांडी रोज साबणाने धुवा. आत हाताला लागणारा बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्ती. कोरडं खाणं मूळ पाकिटासकट डब्यात ठेवा, ओतून नव्हे. पाकिटावर तुकडी क्रमांक (बॅच नंबर) असतो आणि माल परत मागवला गेला तर तोच कामी येतो. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइनची भेसळ असलेल्या गहू-प्रथिनामुळे अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा लोक कचऱ्यात रिकामी पाकिटं शोधत होते.

पायरी ८: घरातली धोक्याची कपाटं

काही पदार्थांच्या बाबतीत ‘थोडंसं’ला जागाच नाही.

सगळ्यात वर झायलिटॉल. साखरविरहित च्युइंगम, काही पीनट बटर, टूथपेस्ट, मिठाया यांत हा गोडवा असतो. कधी ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई९६७’ असं लिहिलेलं असतं. कुत्र्यात किलोमागे ०.१ ग्रॅमनेच रक्तातली साखर झरकन उतरते, बहुधा तासाभरात, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला धोका. लहान कुत्र्याला च्युइंगमच्या एक-दोन गोळ्या पुरतात.

द्राक्षं आणि मनुका, बेदाणे. कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं आणि सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन धड राहतो, दुसरा चारच खाऊन कोसळतो. २०२१ पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे. ‘आमचा तर नेहमी खातो’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.

कांदा, लसूण, पातीचा कांदा. कच्चे, शिजलेले, पूड केलेले, सगळे. तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. मांजर जास्त नाजूक: किलोमागे ५ ग्रॅम कांदा त्याला पुरेसा. सूपचे चौकोनी तुकडे, बाळांचं तयार खाणं यांत कांद्याची पूड असते ती विसरू नका.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. निम्मं उतरायलाच १७-१८ तास लागतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ च्या पुढे, बेकिंगच्या चॉकलेटमध्ये १४ च्या आसपास. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या-अस्वस्थता, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने दुधाचं ५० ग्रॅम खाल्लं तर बहुधा पोट बिघडण्यावर निभावेल, तेवढंच बेकिंगचं खाल्लं तर नाही.

शिवाय मॅकाडेमिया हा सुकामेवा, मद्य, कॉफी, आणि यीस्ट घातलेलं कच्चं पीठ, जे पोटात फुगतं आणि मद्यार्कही तयार करतं. खाणं नसलं तरी इथेच सांगतो: लिलीच्या फुलांचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड जाऊ शकतं, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते.

असं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट पाहू नका. वेष्टन हातात घ्या, किती आणि केव्हा खाल्लं, प्राण्याचं वजन किती हे लिहा आणि फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मीठच विषारी ठरतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

इतर पाळीव प्राणी, थोडक्यात

सशाच्या खाण्याचा ८० टक्क्यांहून मोठा भाग सुकं गवत असावा. दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. गाजर म्हणजे त्याची मिठाई. सशाने १२ तास काही खाल्लं नाही तर आतडी थांबण्याची भीती असते, तातडीने न्या. गिनीपिगला आपल्यासारखंच ‘क’ जीवनसत्त्व बनवता येत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरची किंवा हिरवा पाला हवा. पोपटाला नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलं की ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. अॅव्होकॅडो कुठल्याच पक्ष्याला नको. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला, उरलेलं सडून पाणी बिघडतं आणि मासे उपासमारीने नव्हे, त्या पाण्याने मरतात.

पहिल्या तपासणीला जाताना एक कागद न्या: खाण्याचं नाव, दिवसाचे ग्रॅम, डब्याबाहेरचा खाऊ, गेल्या दोन वजनांच्या तारखा. तो कागद घरातल्या सगळ्यांना आधी दाखवा. आमच्याकडे दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी त्या कागदावर, अगदी खाली, लहान्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: शाळेच्या डब्यातली उरलेली सँडविचं, रोज, अर्धी.